हुर्राकाची भट्टी

गोव्यात सत्तरीतील एका काजूच्या भट्टीवर मी गेली वीस वर्षे निष्ठेने जात आहे. रुग्णांना यकृताविषयी उपदेश करणाऱ्याने स्मरणिकेत ही कबुली द्यावी, याबद्दल समव्यावसायिकांची क्षमा असावी. झाडाखाली गळून पडलेली पिकली बोंडे तुडवून रस काढायचा, तो वरून काहीही न घालता आंबू द्यायचा आणि गाळायचा. पहिल्या धारेचा तो हुर्राक. मद्यार्क जेमतेम १५ टक्के. पुन्हा गाळला की फेणी, जिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. फेणी वर्षानुवर्षे टिकते. हुर्राक मार्च ते मे एवढ्याचाच पाहुणा.

दोन वर्षांपूर्वी ऐन एप्रिलमध्ये पहिल्याच घोटाला काजूचा गंध हरपलेला जाणवला. मी भट्टीवाल्या काकांकडे पाहिले.

"डॉक्टरबाब, अवकाळी पावसाने बोंडे कुजली. रस कमी पडला, म्हणून साखर घातली."

मी पैसे चुकते केले आणि बाटली घरी आणून मोरीत ओतली. वर्षभर मनात सल राहिला. साखरेचा की त्यांनी आधी न सांगितल्याचा, हे ठरवता आले नाही. पुढल्या मार्चमध्ये पाय पुन्हा तिकडेच वळले. काकांनी न बोलता पेला पुढे केला आणि मी घोट घेईपर्यंत माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले.