ताडाच्या पट्ट्या, कारवीचं छप्पर

अलिबागहून मुरूडकडे जाताना काशीद मागे पडलं की नांदगाव येतं. तिथल्या समुद्राकाठच्या नारळाच्या वाडीत २००७ साली एक घर बांधून झालं. दोन लांबट इमारती समोरासमोर, एकमेकींपासून जराशा सरकलेल्या, आणि मध्ये पोहण्याचा तलाव. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा, जोती आणि फरसबंदी इथल्याच काळ्या दगडाची. वाडीतल्या तीन विहिरींचं पाणी उंच टाकीत चढवतात, तिथून ते आपल्या उताराने घरात येतं.

नाव ‘पामायरा हाउस’. पामायरा म्हणजे आपला ताड.

ताडाचं खोड आत भुसभुशीत असतं, बाहेरच्या अंगाला मात्र काळसर, चिवट आणि कठीण. कोकणात त्याचे वासे पूर्वापार वापरले जातात. इथे त्याच बाहेरच्या भागाच्या पट्ट्या काढून, त्या तिरप्या बसवून भिंतीच्या भिंती केल्या आहेत. दुपारचं ऊन पट्ट्यांवर अडतं, खारा वारा मधून जातो आणि घर गार राहतं. २०१०च्या आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत हे घर होतं.

ते बांधणाऱ्या ‘स्टुडिओ मुंबई’चे संस्थापक बिजॉय जैन १९६५ साली मुंबईत जन्मले. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकून त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये रिचर्ड मायर यांच्या कार्यालयात काम केलं. १९९५ साली ते परतले आणि अलिबागजवळ कामाला लागले. तिथे त्यांची जी पद्धत घडली ती मला आजच्या भारतीय वास्तुकलेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते: वास्तुविशारद आणि सुतार एकाच छपराखाली बसतात. एरवी नकाशा कार्यालयात पक्का होतो आणि सुताराच्या हाती अगदी शेवटी पडतो. इथे सुतार स्वतःच्या वहीत चित्रं काढतो, सांधा कसा बसेल ते आखतो. मग खिडकीचा किंवा जिन्याचा खऱ्या मापाचा नमुना उभा राहतो. तो हाताळायचा, चुकला तर मोडायचा, पुन्हा करायचा. याला वेळ लागतो आणि पैसाही. म्हणून या घरांचे मालक बहुतेक सधन आहेत. ही मर्यादा खरी आहे. पण सुताराच्या हाताला नकाशाच्या वेळीच मान द्यायला श्रीमंती लागत नाही.

२०१०च्या व्हेनिस बिएनाले या वास्तुकला प्रदर्शनात जैन यांनी ‘वर्क-प्लेस’ या नावाने आपली कार्यशाळाच मांडली: नमुने, साहित्याचे तुकडे, चित्रं. २०२० साली त्यांना फिनलंडचं आल्वार आल्टो पदक मिळालं.

मला मात्र आठवतो तो मेलबर्नचा मांडव. २०१६ साली क्वीन व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये ‘एमपॅव्हिलियन’ हा कार्यक्रमांसाठीचा हंगामी मांडव उभारायचं काम स्टुडिओकडे आलं. बांबू लागला सुमारे सात किलोमीटर, बांधायला दोर, आणि वर कारवीच्या काड्यांचं छप्पर. सह्याद्रीत सात-आठ वर्षांतून एकदा फुलणारी, कुडाच्या भिंतींना लागणारी तीच कारवी! छपराचे तट्टे भारतातल्या कारागिरांनी विणले आणि ते समुद्रापार गेले. आपल्याकडे कूड पाडून सिमेंटची भिंत घातली की घर सुधारलं म्हणतात. तिकडे लोक त्याच काड्यांखाली बसून गाणं ऐकत होते.

हंगाम संपल्यावर मांडव मोडला नाही. तो मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन पुन्हा उभा केला.