पगाराचा आकडा आणि हाती पडणारी रक्कम

समुद्रपूरच्या बाजारात सोयाबीनचा किंवा कापसाचा नुसता भाव ऐकून कोणी व्यापारी सौदा करत नाही. गाडीभाडे, हमाली, तोलाई, अडत आणि घट वजा जाता काय उरते, हे तो तोंडी हिशेबातच काढतो. मात्र त्याच घरातील अभियंता मुलाला पुण्याहून नऊ लाखांचे व नागपूरहून साडेसहा लाखांचे नियुक्तिपत्र आले, की पिढ्यांचा हा सराव बाजूला राहतो आणि अडीच लाखांचा फरक नात्यागोत्यात सांगितला जातो.

तो फरक खरा किती? उदाहरणादाखल दोन्ही पत्रांत मूळ वेतन एकूण आकड्याच्या निम्मे आहे असे मानावे. कंपनी सांगते त्या वार्षिक आकड्यात भविष्य निर्वाह निधीतील तिचा 12 टक्के वाटा आणि बहुधा ग्रॅच्युइटीची 4.81 टक्के तरतूदही मिळवलेली असते. हे दोन्ही टक्के मूळ वेतनावरचे. पुण्याच्या पत्रातील 90,000 रुपये कामगिरीवर अवलंबून आहेत आणि नागपूरच्या पत्रात तशी अट नाही, असे समजावे. मुलाचा स्वतःचा 12 टक्के वाटा आणि वर्षाचा 2,500 रुपये व्यवसाय कर वजा केल्यावर दरमहा पुण्यात सुमारे 56,500, तर नागपुरात सुमारे 46,150 रुपये हाती पडतात. 2025-26 पासूनच्या नव्या करप्रणालीत या दोन्ही पगारांवर आयकर नाही. म्हणजे कागदावरील महिन्याचा 20,800 रुपयांचा फरक 10,300 वर आला, आणि घरभाडे अजून द्यायचेच आहे. निधीची रक्कम अर्थात बुडीत नव्हे. ती जमेच्याच बाजूची, फक्त आज खर्चाला मिळणारी नव्हे.

भाड्याच्या बाबतीत सरकारी मोजमाप बोलके आहे. केंद्र सरकारने जुलै 2017 पासून आपल्या कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता शहराच्या वर्गानुसार मूळ वेतनाच्या 24, 16 व 8 टक्के ठरवला. पुणे, मुंबई, बंगळूरु, हैदराबाद पहिल्या वर्गात, नागपूर दुसऱ्या, समुद्रपूरसारखी गावे तिसऱ्या. पुढे टक्केवारी वाढली, तरी तीनास दोनास एक हे प्रमाण तेच राहिले. भाड्याखेरीज अनामत रक्कम आणि दलाली पहिल्याच महिन्यात द्यावी लागते. ती बहुधा वडिलांच्या गल्ल्यातून जाते आणि पगाराच्या हिशेबात कोठेच दिसत नाही.

जैन घरासाठी आणखी एक बाब आहे. डिसेंबरच्या आरंभी पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. हिंजवडीतून त्या वेळी निघालेला तरुण वाहनांच्या गर्दीतच असतो. चौविहार पाळायचा तर दुसरा डबा कामाच्या ठिकाणी पोहोचला पाहिजे. कंदमुळांशिवाय स्वयंपाक करणारी खानावळ शोधली पाहिजे. जिनालयाजवळ राहायचे तर प्रवास वाढतो. ही गैरसोय रुपयांत मांडता येते, आणि मांडावी. नागपूरच्या मिहानमध्ये काम करणारा शनिवारी संध्याकाळी घरी पोहोचू शकतो, संवत्सरी प्रतिक्रमणाला आईवडिलांसोबत बसू शकतो. पुण्याहून वर्ध्यापर्यंतच रेल्वेची एक रात्र जाते.

तरीही केवळ बचत पाहून नागपूर निवडणे नेहमीच शहाणपणाचे नाही. पुण्यात एक नोकरी सुटली तर घर न बदलता दुसरी मिळण्याची शक्यता अधिक. पहिली तीन-चार वर्षे शिकण्याची असतात. त्या काळात बचत थोडी कमी झाली, तरी हातची विद्या पुढे पगार वाढवते. मात्र हे पुण्यात जाऊन मिळणाऱ्या कामाच्या स्वरूपावर ठरते, शहराच्या नावावर नव्हे. तेच काम नागपुरात मिळत असेल, तर वरचे 10,300 रुपये भाडे, डबा आणि प्रवास यांतच विरतील.

या मोजदादीत एक प्रस्ताव हमखास वगळला जातो, तो म्हणजे घरच्या दुकानाचा. तेथे भाडे नाही, खानावळ नाही, सूर्यास्तापूर्वी ताट समोर येते. पण मुलाच्या नावे खतावणीत पगारही लिहिलेला नसतो. लागेल तेव्हा गल्ल्यातून घ्यायचे, ही रीत. पंचविशीतला शिकलेला मुलगा अशा न लिहिलेल्या रकमेची पुण्याच्या छापील पत्राशी तुलना करू शकत नाही, आणि दुकान सोडून जातो. वडिलांनी दरमहा ठरावीक रक्कम आणि नफ्यातील वाटा कागदावर लिहून दिला, तर तिसरे पत्रही त्याच टेबलावर येते. मग मुलगा काय निवडतो ते त्याच्यावर. पण दुकानाच्या कामाची किंमत त्या घरात बहुधा पहिल्यांदाच लिहिली जाते.