कुलगुरूंचा आठवडा आणि विद्यार्थ्याची भाकरी

विद्यापीठाच्या कुलगुरूंनीं सरलेल्या आठवड्यांत काय काय केलें, याचा वृत्तांत हल्लीं वर्तमानपत्रांतून वरचेवर वाचावयास मिळतो. एके दिवशीं व्यवस्थापन परिषदेची बैठक, दुसरे दिवशीं एखाद्या कारखान्याशीं सामंजस्य करार, तिसरे दिवशीं नव्या इमारतीची पायाभरणी, मग परगांवचे पाहुणे, मग विद्यापरिषदेची सभा. रविवार उजाडतो तों एखाद्या समारंभाचें अध्यक्षपद वाट पाहत असतें. वाचणारा गृहस्थ मनांत म्हणतो, केवढा उद्योगी मनुष्य हा! आणि पान उलटतो. या उद्योगाचें मोल कोणत्या मापानें करावें, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. ज्यांच्या घरचीं मुलें त्याच विद्यापीठाची पदवी घेणार, त्यांनीं तरी तें विचारिलें पाहिजे.

हें माप आपल्या भाषेनेंच जपून ठेविलें आहे. 'कुलपति' हा शब्द फार जुना. दहा सहस्र शिष्यांना अन्नादिकांनीं पोसून जो शिकवितो तो कुलपति, अशी त्याची परंपरागत व्याख्या आहे. तींत अन्न आधीं येतें, अध्यापन मागाहून, हें लक्षांत घ्यावें. आज महाराष्ट्रांत राज्याच्या विद्यापीठांचे कुलपति राज्यपाल असतात आणि प्रत्यक्ष कारभार कुलगुरु पाहतात. २०१६ च्या कायद्याप्रमाणें त्यांची मुदत फार तर पांच वर्षांची. तेव्हां त्यांचा एकेक आठवडा मोलाचा आहे, यांत शंका नाहीं.

सातारा-सांगलीकडील माणसाला विद्यापीठ हें पूर्वीं दूरचें दैवत होतें. डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें १९१९ सालीं सांगलीस विलिंग्डन महाविद्यालय काढिलें, तेव्हां पदवी मिळे ती मुंबई विद्यापीठाची. १९४९ मध्यें पुणें विद्यापीठ निघालें व बॅरिस्टर मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरु झाले. १९६२ च्या नोव्हेंबरांत कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ झालें आणि हे दोन्ही जिल्हे त्याच्या छत्राखालीं आले. पुढें २०२१ मध्यें खुद्द सातार्‍यास रयत शिक्षण संस्थेचीं तीन महाविद्यालयें एकत्र करून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन करण्यांत आलें. शंभर वर्षांत विद्यापीठ असें मजल-दरमजल करीत आमच्या उंबर्‍यापर्यंत आलें. मैलांचें अंतर तुटलें. परंतु गरीब विद्यार्थ्याला तें तितकेंच जवळ झालें काय?

या प्रश्नाचें भान असलेले कुलगुरु आम्हांस लाभले आहेत. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरु डॉक्टर आप्पासाहेब पवार हे मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक. 'ताराबाईकालीन कागदपत्रें' त्यांनींच संपादिलीं. त्यांच्या वांट्यास कोल्हापूरचा एक ओसाड माळ आला. त्यावर त्यांनीं इमारती उभारिल्या, झाडें लाविलीं. एवढें कोणीहि कर्तबगार कुलगुरु करील. परंतु विद्यार्थ्यानें विद्यापीठांतच रोज कांहीं तास काम करावें व त्यावर आपलें जेवण आणि शिक्षण चालवावें, ही 'कमवा आणि शिका' योजनाहि त्यांच्याच कारकीर्दींत तेथें रुजली.

तिचें मूळ सातार्‍याच्या मातींत होतें. भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कराडजवळच्या काले गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्यें सातार्‍यास वसतिगृह काढिलें. १९२७ मध्यें महात्मा गांधींच्या हस्तें त्याचें छत्रपति शाहूंच्या नांवें नामकरण झालें. तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत व एका पंक्तीस जेवत. मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली, तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने काढून दिले. सातार्‍याचें शिवाजी महाविद्यालय निघालें तें १९४७ सालीं, म्हणजे वसतिगृहानंतर तेवीस वर्षांनीं. आधीं भाकरी, मग भिंती, असा हा क्रम होता. स्वतः मॅट्रिकपर्यंतहि न पोंचलेल्या या पुरुषास १९५९ मध्यें पुणें विद्यापीठानें डी. लिट्. ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षीं ते निवर्तले.

आमच्या वाचकांस ही रीत अगदींच परकी वाटूं नये. वार लावून जेवणारा विद्यार्थी आपल्या वाडवडिलांच्या घरोघरीं असे. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसर्‍या, असें करीत कित्येक नामांकित विद्वान तयार झाले. परंतु तें पान ज्ञातीपुरतेंच मांडिलें जाई, हेंहि मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. भाऊरावांनीं गृहस्थधर्माची तीच चाल घेतली आणि पंगत मोठी केली.

आतां एक स्वतःचा अनुभव सांगतों. माझा एक विद्यार्थी संस्कृतांत शाळेंत पहिला आला. शहरांतील एका महाविद्यालयांत त्याचें नांव दाखल झालें, फीहि माफ झाली. दिवाळीच्या सुटींत घरीं आला तो परत गेला नाहीं. मीं कारण विचारिलें, तेव्हां खालीं पाहत म्हणाला, "गुरुजी, फी लागत नाहीं, पण खानावळीचे पैसे कोठून आणूं?" त्याच महिन्यांत त्या महाविद्यालयाच्या नव्या सभागृहाचें उद्घाटन थाटानें झाल्याची बातमी मीं वाचली होती. सभागृह नको होतें असें नव्हे. परंतु बातमी देणार्‍यास या मुलाची वार्ता नव्हती आणि मुलास त्या सभागृहाचा उपयोग नव्हता. दोष देतांना मी स्वतःला वगळीत नाहीं. त्या शहरांत माझे आप्त राहतात. त्यांस चार ओळींचें पत्र लिहावें, हें मला वेळेवर सुचलें नाहीं. ती टोचणी अजून आहे.

करारांविषयींहि असेंच. विद्या आणि कारखाना यांचा संबंध या भूमीस नवा नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे आधीं मुंबईस तंत्रविद्येचे शिक्षक होते. त्यांनींच १९१० सालीं औंध संस्थानच्या माळावर कारखाना काढून आज सांगली जिल्ह्यांत असलेली किर्लोस्करवाडी वसविली. सांगलीचें वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ सालचें. तेव्हां विद्यापीठानें कारखान्यांशीं करार अवश्य करावे. मात्र त्या कागदानें किती विद्यार्थ्यांच्या हातांस काम मिळालें, आणि कामाचा मोबदला मिळाला कीं नुसतें प्रशस्तिपत्र, हें वर्षअखेरीस प्रसिद्ध व्हावें. इमारतीबरोबर वसतिगृहांत किती जागा वाढल्या, आणि पैशांअभावीं किती मुलें मध्येंच शिक्षण सोडून गेलीं, हेंहि सांगितलें जावें. असा वृत्तांत वाचावयास मिळाला, तर कुलगुरूंच्या आठवड्याचें चीज झालें असें आम्ही म्हणूं.

तोंवर आपण हात जोडून बसावें असें नाहीं. आमच्या घरीं गेल्या भाद्रपदांत पितृपक्षाच्या खर्चाचा विचार निघाला, तेव्हां थोरल्या सूनबाईनें सुचविलें कीं, श्राद्ध साधेपणानें करावें आणि वांचलेल्या रकमेंतून एका विद्यार्थ्याच्या खानावळीचा खर्च चालवावा. त्याची ज्ञाति विचारूं नये, असेंहि तीच म्हणाली. घरांतील वडील माणसें क्षणभर गप्प राहिलीं, मग सर्वांनीं मान डोलाविली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस आमचा नातू ते पैसे पोंचवून येतो.