विश्लेषण : चौकशीसाठी कंपनी कर्मचाऱ्यांचे ईमेल वाचू शकते का?

कार्यालयात गैरव्यवहाराची किंवा छळाची तक्रार आली की चौकशी करणाऱ्यांची नजर आधी ईमेलकडे वळते. ईमेलचा पत्ता कंपनीचा, सर्व्हर आणि लॅपटॉपही कंपनीचा. मग त्यातील प्रत्येक ओळ वाचण्याचा अधिकारही कंपनीचाच, असे अनेकदा गृहीत धरले जाते. युरोपातील मानवी हक्क न्यायालयाला हे मान्य नाही. भारतातही नवा विदा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत असल्याने हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

रोमानियातील प्रकरण काय होते?

बुखारेस्टमधील एका खासगी कंपनीत विक्रीचे काम पाहणाऱ्या बोगदान बर्बुलेस्कू या अभियंत्याने, ग्राहकांशी बोलण्यासाठी कंपनीच्या सांगण्यावरून याहू मेसेंजरचे खाते उघडले होते. जुलै २००७ मध्ये कंपनीने त्यावरील संवाद टिपले. खात्याचा वापर केवळ कामासाठी केला, असे बर्बुलेस्कू यांनी सांगताच भाऊ आणि वाग्दत्त वधूशी झालेल्या संभाषणाचा ४५ पानी उतारा त्यांच्यासमोर ठेवण्यात आला. ऑगस्टमध्ये त्यांची नोकरी गेली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या पीठाने जानेवारी २०१६ मध्ये त्यांच्याविरोधात कौल दिला. मात्र ५ सप्टेंबर २०१७ रोजी महापीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी तो फिरवला.

महापीठाने कोणते निकष सांगितले?

खासगी वापरास बंदी असल्याचे बर्बुलेस्कू यांना ठाऊक होते. पण आपले संवाद शब्दश: वाचले जातील, याची पूर्वकल्पना त्यांना दिलेली नव्हती. म्हणून न्यायालयांनी सहा गोष्टी तपासाव्यात, असे महापीठाने सांगितले : पूर्वसूचना दिली होती का, पाळत किती व्यापक होती, त्यामागे रास्त कारण होते का, मजकूर न वाचता काम भागले असते का, माहितीचा वापर कशासाठी झाला आणि कर्मचाऱ्याला पुरेसे संरक्षण होते का.

हार्वर्डमध्ये वाद का झाला?

२०१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात सुमारे १२५ विद्यार्थ्यांवर परीक्षेत गैरप्रकार केल्याचा संशय होता. त्याबाबतचा अंतर्गत ईमेल बाहेर फुटल्यावर प्रशासनाने १६ रेसिडेंट डीनच्या खात्यांत शोध घेतला. मजकूर नव्हे, केवळ विषयाची ओळ तपासली, असे स्पष्टीकरण देण्यात आले. परंतु हे बहुतेकांना न सांगता झाले होते. मार्च २०१३ मध्ये बातमी फुटली आणि प्राध्यापक संतापले. पुढे विद्यापीठाला ईमेल तपासणीचे धोरण नव्याने आखावे लागले.

भारतात कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण तो प्रामुख्याने शासनसंस्थेविरुद्ध बजावता येतो. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ७ नुसार रोजगाराच्या प्रयोजनासाठी किंवा कंपनीचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याच्या संमतीविना त्याची माहिती वापरता येते. हेरगिरी रोखणे, व्यापारी गुपिते जपणे ही त्याची उदाहरणे. ती माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मात्र कंपनीवरच राहते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत.

खासगी खात्याचे काय?

ते वेगळे. कंपनीच्या लॅपटॉपवर पासवर्ड जतन झालेला असला, तरी तेवढ्याने कर्मचाऱ्याचे खासगी जीमेल उघडण्याची परवानगी मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ नुसार विनापरवानगी प्रवेशाबद्दल भरपाई मागता येते; अप्रामाणिक हेतू सिद्ध झाल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

चुकीच्या पद्धतीने मिळवलेला पुरावा बाद होतो का?

भारतात आपोआप नाही. मुंबईचे तत्कालीन कॉरोनर मलकानी यांच्या खटल्यात, पुरावा अवैध मार्गाने मिळाला म्हणून केवळ त्या कारणाने तो अग्राह्य ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये स्पष्ट केले. म्हणजेच पुराव्याच्या नियमांतून कर्मचाऱ्याला फारसे संरक्षण मिळत नाही. दुसरीकडे, ईमेलची प्रत न्यायालयात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते. घाईने काढलेले स्क्रीनशॉट तिथे अडतात.

मग योग्य पद्धत कोणती?

लैंगिक छळाच्या चौकशीत अंतर्गत समितीला कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार २०१३ च्या कायद्याने दिले आहेत. त्यासोबत गोपनीयतेचे बंधनही आहे. इतर चौकशांतही हीच शिस्त उपयोगी ठरते. तपासणीचे धोरण आधीच लेखी कळवावे. तक्रारीशी संबंधित व्यक्ती, कालावधी आणि शब्द यांपुरताच शोध घ्यावा. त्याची परवानगी कोणी दिली आणि मजकूर कोणी पाहिला, याची नोंद ठेवावी. आरोप असलेल्याला तो मजकूर दाखवून बाजू मांडू द्यावी. यात कसूर झाली, तर चर्चा गैरवर्तनाऐवजी पाळतीची होते आणि खरी तक्रार करणाऱ्याचा न्याय लांबतो.