‘चेतावनी’ : एका बहुभाषिक अल्बमचे ग्रहण

मुंबईतील ‘स्वदेसी’ या रॅपगायकांच्या समूहाचा ‘चेतावनी’ हा अल्बम 2020 साली आला, तेव्हा त्याची चर्चा मुख्यतः ‘निषेधाची गाणी’ म्हणून झाली. हे वर्णन चुकीचे नव्हे, पण अपुरे आहे. निषेध कोणी, कोणत्या भाषेत उच्चारला, हा वाङ्मयीन अभ्यासकाला महत्त्वाचा वाटावा असा प्रश्न त्यात बाजूला पडतो.

समूहाचे गायक मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा आपापल्या भाषांत रचना करतात. एमसी मवाली यांची मराठी आणि एमसी तोडफोड (धर्मेश परमार, निधन 2022) यांची गुजराती एकाच मंचावर शेजारी उभ्या राहत. एकीने दुसरीत विरघळावे अशी अपेक्षा नसे. मेक्सिको शहरातील ‘मालदिता वेसिनदाद’ या रॉक समूहाशी तुलना केल्यास हे वेगळेपण स्पष्ट होते. (‘वेसिनदाद’ म्हणजे सामाईक अंगणाभोवतीची खोल्यांची वस्ती, आपली चाळच म्हणा ना.) त्यांच्या ‘एल सिर्को’ (1991) या अल्बममध्ये रस्त्यावर खेळ करून पोट भरणाऱ्यांचे जिणे येते, नाना संगीतप्रकारांची सरमिसळही होते, भाषा मात्र प्रामुख्याने एकच, स्पॅनिश.

‘स्वदेसी’चे 2019 मधील ‘द वारली रिव्होल्ट’ हे गीत या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. शीर्षक इंग्रजी, कदाचित बाजारासाठी, गीत मराठी. मवालींसह त्यात गातात ते आरेतील केलटीपाड्याचे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर. शीर्षकातून 1945च्या वारली उठावाचे स्मरण होते आणि ओघानेच गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’चेही. त्या ग्रंथात वारल्यांचा आवाज लेखिकेच्या निवेदनातून पोचतो. त्याचे मोल त्यामुळे उणे होत नाही; परंतु येथे पाड्यावरचा माणूस स्वतः गातो, हा फरक मूलभूत आहे.

त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने आरेविषयीच्या याचिका फेटाळल्या. त्या रात्रीच मेट्रोच्या कारशेडसाठी वृक्षतोड सुरू झाली. 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. यानंतर हे गीत ऐकणाऱ्याला उठाव केवळ इतिहासातला वाटणे कठीण झाले. अण्णाभाऊ साठे व अमर शेख यांच्या शाहिरीला गिरणगावातला श्रोता समोर लाभला होता. ‘स्वदेसी’चा श्रोता पुष्कळदा पडद्यापलीकडे असतो, आणि गुजराती कडवे त्याला कळतेच असे नाही. तरीही तो ते ऐकून घेतो.