दिवाडी आणि चोडण : फेरीबोटीने

मांडवीच्या पात्रातली ही दोन बेटं पणजीपासून अगदी हाकेच्या अंतरावर. दिवाडीला पूल नाही. फेरीबोट हाच रस्ता. जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे अशा तीन धक्क्यांवरून बोटी सुटतात. पायी जाणाऱ्याला भाडं नाही. सेवा गोवा सरकारच्या नदी परिवहन खात्याची. चोडणची बोटही रायबंदरहूनच सुटते, त्यामुळे एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं तर रायबंदरला उतरून बोट बदलावी.

नार्व्याची फेरी मात्र चुकवू नका. कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटीश्वर मूळचं दिवाडीचं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देऊळ पाडलं, तेव्हा भाविकांनी शिवलिंग नदीपार नार्व्याला नेलं. तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी करवला. देवाने ओलांडलेली तीच नदी आज आपण काही मिनिटांत पार करतो. इतिहास इतका सहज पायाखाली येणारी दुसरी फेरी मला ठाऊक नाही. धक्क्यावरून मंदिरापर्यंत पुढे रस्त्याने जावं लागतं.

चोडणला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य : क्षेत्र जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, सगळं खारफुटीचं. पक्षी पाहायचे तर हिवाळ्यात, सकाळी लवकर जा. ऑगस्टमधल्या चौथ्या शनिवारी दिवाडीत बोंदेरा हा उत्सव असतो. त्या दिवशी बोटींना प्रचंड गर्दी, गाडी न नेता पायी चढणंच शहाणपणाचं.