किरणोत्सारी अन्नप्रदूषण

अणुभट्टीतील अपघातानंतर वातावरणात पसरलेली किरणोत्सारी द्रव्ये पाणी, माती, पिके व जनावरे यांच्यामार्फत मानवी आहारात शिरतात, त्यास किरणोत्सारी अन्नप्रदूषण असे म्हणतात. या द्रव्यांना रंग, वास वा चव नसते. त्यामुळे दूषित अन्न केवळ उपकरणाने मोजूनच ओळखता येते. उकळल्याने वा शिजवल्याने जंतू मरतात, किरणोत्सार मात्र नष्ट होत नाही.

किरणोत्सारी प्रदूषण आणि अन्नाचे विकिरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथील केंद्रात कांदा व आंबा टिकवण्यासाठी त्यांवर गॅमा किरणांचा मारा केला जातो. अशा अन्नात किरणोत्सारी द्रव्य मिसळत नाही, त्यामुळे ते किरणोत्सारी होत नाही.

प्रमुख द्रव्ये

आयोडीन-१३१: याचा अर्धायुकाल सुमारे ८ दिवसांचा आहे, म्हणजे दर ८ दिवसांनी त्याचे प्रमाण निम्मे होते. शरीरात गेल्यावर ते गळ्यातील अवटू ग्रंथीत (थायरॉइड) साठते.

सीझियम-१३७: अर्धायुकाल सुमारे ३० वर्षे. हे रासायनिक दृष्ट्या पोटॅशियमसारखे असल्याने स्नायूंमध्ये पसरते. जंगलातील अळंबी, रानफळे व शिकारीचे मांस यांत ते दीर्घकाळ आढळते.

स्ट्रॉन्शियम-९०: अर्धायुकाल सुमारे २९ वर्षे. कॅल्शियमशी साधर्म्य असल्याने ते हाडांत साठते.

दुधाचे महत्त्व

अपघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक धोका दुधापासून संभवतो. गाय दिवसभरात मोठ्या क्षेत्रावरील गवत खाते. त्या गवतावर पडलेले आयोडीन एक-दोन दिवसांतच तिच्या दुधात उतरते. लहान मुले दूध अधिक पितात आणि त्यांची अवटू ग्रंथी आकाराने लहान असते. त्यामुळे तेवढ्याच आयोडीनची मात्रा मुलांच्या ग्रंथीला प्रौढांपेक्षा कितीतरी अधिक बसते. मात्र हाच धोका टाळण्यासही सर्वांत सोपा असतो, कारण काही आठवडे ताजे दूध थांबवले आणि गुरांना साठवणीतला चारा दिला की तो बहुतांशी टळतो. दुधाची भुकटी वा चीज करून काही महिने ठेवल्यासही त्यातील आयोडीन क्षीण होते. सीझियम मात्र अशा साठवणीने कमी होत नाही.

प्रमुख घटना

विंडस्केल (१९५७): ऑक्टोबर १९५७ मध्ये इंग्लंडमधील विंडस्केल येथील अणुभट्टीला आग लागली. त्यानंतर सुमारे ५०० चौरस किलोमीटर परिसरातील दूध काही आठवडे ओतून देण्यात आले.

चेर्नोबिल (१९८६): २६ एप्रिल १९८६ रोजी सोव्हिएत संघातील, आजच्या युक्रेनमधील, चेर्नोबिल अणुविद्युत केंद्राच्या चौथ्या अणुभट्टीत स्फोट झाला. सरकारने २८ एप्रिलच्या संध्याकाळपर्यंत अपघाताची जाहीर वाच्यता केली नाही. दुधातील किरणोत्सारी आयोडीनची मर्यादा ६ मे रोजी ठरवण्यात आली, म्हणजे पहिला अर्धायुकाल तोवर उलटून गेला होता. खेड्यांतील कुटुंबे या काळात घरच्या गाईचे दूध पीत राहिली. अपघातावेळी १८ वर्षांखालील असलेल्यांपैकी ६,००० हून अधिक जणांना २००५ पर्यंत अवटू ग्रंथीचा कर्करोग झाल्याचे बेलारूस, युक्रेन व रशियाच्या बाधित भागांत नोंदले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सारविषयक वैज्ञानिक समितीच्या (अन्स्केअर) मते यातील मोठा वाटा अशा दूषित दुधाचा होता. उपचारांमुळे बहुसंख्य रुग्ण वाचले, तरी ग्रंथी काढलेल्यांना जन्मभर औषध घ्यावे लागते. शेजारच्या पोलंडमध्ये मात्र काही दिवसांतच सुमारे एक कोटी मुलांना स्थिर आयोडीनची मात्रा देण्यात आली.

ब्रिटनच्या डोंगराळ भागांतील मेंढ्यांच्या विक्रीवर सीझियममुळे घातलेले निर्बंध २०१२ मध्ये पूर्णपणे उठले.

फुकुशिमा (२०११): ११ मार्च २०११ रोजी भूकंप व त्सुनामीनंतर जपानमधील फुकुशिमा दाइइची केंद्रात अपघात झाला. काही दिवसांतच बाधित भागांतील दूध व पालेभाज्यांचे वितरण थांबवण्यात आले. टोकियोतील एका जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात आयोडीन आढळल्याने ते पाणी तान्ह्या बाळांना न देण्याची सूचना झाली. जुलैमध्ये गोमांसात सीझियम सापडले. उघड्यावर राहिलेला भाताचा पेंढा जनावरांना घातल्याने ते तेथे पोहोचले होते.

मर्यादा व मोजमाप

अन्नातील किरणोत्सार बेकेरेल प्रति किलोग्रॅम या एककात मोजतात. जपानने एप्रिल २०१२ पासून सीझियमसाठी सर्वसाधारण अन्नात १००, दूध व शिशुआहारात ५० आणि पिण्याच्या पाण्यात १० बेकेरेल अशी मर्यादा ठरवली. निसर्गतःही प्रत्येक अन्नात थोडा किरणोत्सार असतो. प्रौढ मानवी शरीरात पोटॅशियम-४० मुळे सुमारे ४,००० बेकेरेल किरणोत्सार कायम असतो. म्हणून अन्नात किरणोत्सार आहे की नाही यापेक्षा तो किती आहे, हे महत्त्वाचे ठरते.

प्रतिबंधक उपाय

पालेभाज्या धुतल्याने वा बाहेरची पाने काढल्याने वर बसलेली धूळ कमी होते, पण मुळांवाटे शोषलेले द्रव्य निघत नाही. शेतात पोटॅशियमयुक्त खत घातल्यास पिके सीझियम कमी शोषतात. फुकुशिमातील भातशेतीत हा उपाय केला गेला. गुरांना प्रशियन ब्लू हे रसायन दिल्यास सीझियम शेणावाटे बाहेर पडते. स्थिर आयोडीनच्या गोळ्या केवळ किरणोत्सारी आयोडीनपासून आणि वेळेवर घेतल्या तरच संरक्षण देतात. आयोडीनयुक्त मीठ हा त्यांना पर्याय नाही.

भारतातील संदर्भ

चेर्नोबिलनंतर आयर्लंडहून मुंबईत आलेल्या लोण्याच्या सुरक्षिततेविषयी काही नागरिकांनी न्यायालयात दाद मागितली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली. ठरवून दिलेल्या मर्यादेतील दुग्धजन्य पदार्थ निर्धोक असल्याचे मत समितीने दिले आणि १९८८ मध्ये याचिका फेटाळण्यात आली.